अन्नातले विषारी रंग उघडकीस आणणारा फ्रेडरिक अ‍ॅकम

मुलांनो, मारुतीच्या मूर्तीला लावतात तो शेंदूर तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. शेंदूर म्हणजे शिशापासून केलेली भुकटी. देवाला लावायला ठीक, पण पोटात गेली तर विष! दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये हाच शेंदूर मुलांच्या लाल गोळ्यांत आणि मिरचीच्या पुडीत जात होता, आणि लोक तो पैसे देऊन खात होते. ही गोष्ट ज्यानं पुस्तक लिहून चव्हाट्यावर आणली, त्याचं नाव फ्रेडरिक अ‍ॅकम.

अ‍ॅकमचा जन्म २९ मार्च १७६९ रोजी जर्मनीतल्या ब्यूकेबुर्ग या गावी झाला. वडील साबण तयार करीत. फ्रेडरिक तीन वर्षांचा असतानाच ते वारले. मोठा झाल्यावर तो औषधं बनवणाऱ्यांकडे काम शिकला आणि १७९३ साली, चोविसाव्या वर्षी, लंडनला आला. १८०० साली त्यानं तिथल्या सोहो भागात स्वतःची प्रयोगशाळा थाटली. तिथं तो रसायनं, नळ्या, भांडी विकायचा आणि विद्यार्थ्यांना शिकवायचाही. दगडी कोळशापासून निघणाऱ्या गॅसवर रस्त्यातले दिवे लावावेत म्हणून त्यानं पुष्कळ खटपट केली. त्या कामात त्याचं नाव झालं. शिकवण्याची हातोटी तर अशी, की त्याच्या व्याख्यानांना गर्दी व्हायची.

पण आपल्याला त्याची ओळख हवी ती १८२० सालच्या पुस्तकामुळे. अन्नातली भेसळ आणि स्वयंपाकघरातली विषं हा त्याचा विषय. मुखपृष्ठावर साप, कोळ्याचं जाळं आणि माणसाची कवटी! हजार प्रती महिन्याभरात संपल्या.

त्यात एक चीजची हकिकत आहे. चीज म्हणजे दूध फाडून, दाबून, मुरवून केलेला घट्ट गोळा. ते पिवळसर-केशरी दिसावं म्हणून त्यात शेंदरीच्या बियांचा रंग घालीत. शेंदरीचं झाड आपल्याकडेही असतं, आणि त्याच्या बियांचा रंग खाण्यात वापरतात. तर झालं काय, एका खाणावळीत उतरलेल्या गृहस्थाला रात्री भाजलेलं चीज खाल्लं की पोटात भयंकर कळा यायच्या. कारण कुणाला कळेना. शेवटी मोलकरणीनं सांगितलं, की त्याच चीजची साल खाऊन मांजरीचं पिल्लूही आजारी पडलं होतं. मग चीज तपासलं, तर त्यात निघालं शिसं!

आता दुधात शिसं आलं कुठून? चीज करणारा म्हणाला, मी फक्त शेंदरी घातली. शेंदरीवाला म्हणाला, माल जरा फिका होता, म्हणून मी थोडा हिंगूळ मिसळला. (हिंगूळ म्हणजे पाऱ्यापासूनचा लाल रंग, तोही विषच.) हिंगूळ विकणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, हा रंग घराला लावायला नेतात असं मला वाटलं, म्हणून स्वस्तातला शेंदूर मिसळला. यातल्या एकालाही कुणाला मारायचं नव्हतं. चार पैसे वाचले आणि रंग खुलला, एवढंच!

लोणच्याची गोष्टही तशीच. काकड्या हिरव्यागार दिसाव्यात म्हणून लोक तांब्याच्या भांड्यात सिरका उकळीत, नाहीतर लोणच्यात तांब्याची नाणी टाकीत. आपल्याकडे कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथं ते मुद्दाम करायचे! अ‍ॅकमनं ओळखायची रीतही दिली. लोणचं बारीक चिरून त्यावर पाणी घातलेला अमोनियाचा द्राव ओतायचा. तांबं असेल तर पाणी निळं होतं.

त्याचं मोठं धाडस पुढंच आहे. भेसळीबद्दल ज्यांना शिक्षा झाली होती अशा दुकानदारांची नावंच त्यानं पुस्तकात छापली. मग काय, शत्रू उभे राहिले.

त्याच वर्षी त्याच्यावर संकट आलं. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या ग्रंथालयात तो पुस्तकांची पानं फाडतो, असं तिथल्या माणसाला दिसलं. भिंतीला भोक पाडून पाळत ठेवली आणि डिसेंबर १८२० मध्ये त्याला पकडलं. खटला उभा राहिला. जामिनावर सुटलेला अ‍ॅकम कोर्टात आलाच नाही. तो जर्मनीला निघून गेला. शत्रूंनी डाव साधला, असं काहीजण म्हणतात. असेल, पण फाडलेली पानं त्याच्या घरात सापडली होती, तेव्हा त्याला निर्दोष म्हणता येत नाही. दुःख याचं, की त्याच्याबरोबर त्याचं कामही मागं पडलं. भेसळ करणारे सुटले, मुलं लाल-हिरव्या गोळ्या खातच राहिली.

बर्लिनमध्ये तो प्राध्यापक झाला. २८ जून १८३८ रोजी तिथंच वारला.

पुढं १८५१ पासून डॉक्टर आर्थर हॅसल यांनी सूक्ष्मदर्शक घेऊन लंडनचं अन्न पुन्हा तपासलं आणि दुकानदारांची नावं, पत्ते छापले. तेव्हा कुठं १८६० साली इंग्लंडमध्ये भेसळीविरुद्ध कायदा झाला. अ‍ॅकमला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

एक गंमत सांगतो. अ‍ॅकमनं ज्या कोळशाच्या गॅसचा पुरस्कार केला, तो काढताना डांबर उरायचं. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलानं १८५६ साली डांबरातून मिळणाऱ्या अ‍ॅनिलिनपासून जांभळा रंग बनवला. मग कारखान्यात असे कितीतरी रंग होऊ लागले आणि तेही खाण्यात शिरले. त्यामुळे कुठला रंग चालेल, कुठला नाही, याच्या याद्या सरकारांना कराव्या लागल्या. आपल्या देशात भेसळीचा कायदा १९५४ साली झाला, आणि आता २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे. शेंदरी त्याच्या यादीत आहे. जिलेबीत, डाळीत कधी कधी सापडणारा मेटॅनिल यलो हा पिवळा रंग मात्र त्यात नाही. तो कापड आणि चामडं रंगवण्यासाठी असतो.