झरथुष्ट्र

पारशी बांधवांना आपण सहज अग्निपूजक म्हणून मोकळे होतो; त्यांच्या प्रेषिताने अग्नीत सत्याचे तेज पाहिले, हे ध्यानी घेत नाही. प्राचीन इराणी लोकांतील स्पितम कुळात झरथुष्ट्र जन्मले. ते स्वतः पुरोहित होते, हे आम्हांस विशेष वाटते. कारण गुराढोरांचा छळ करणाऱ्या पुरोहितांवर आणि सरदारांवरच त्यांनी शब्दांचा आसूड ओढला.

परंपरेनुसार तिसाव्या वर्षी नदीवर पाणी आणावयास गेले असता त्यांना अहुर मज्द या सर्वज्ञ परमेश्वराचा साक्षात्कार झाला. पुढील दहा वर्षांत अनुयायी लाभला एकच, तोही चुलतभाऊ. आप्तांनी दूर लोटले. गुरे थोडी, माणसे थोडी. जावे तरी कोणत्या भूमीकडे, ही त्यांची व्यथा गाथांत उमटली आहे. अखेर विश्तास्प राजाने आश्रय दिला.

सत्य व सुव्यवस्था म्हणजे अषा, असत्य म्हणजे द्रुज. या दोहोंतून निवड प्रत्येक स्त्रीपुरुषाने स्वतः करावयाची. सद्विचार, सद्वचन आणि सत्कृती ही त्या निवडीची साक्ष. जन्म वा भय यांना येथे स्थान नाही. कन्या पौरुचिस्ता हिच्या विवाहप्रसंगीच्या गाथेतही, निर्णयापूर्वी आपल्या बुद्धीचा सल्ला घे, असेच तिला सांगितले आहे.