डॉ. कोटणीस: चीनला गेलेली मदत

1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईहून चीनला निघालेल्या बोटीत पाच भारतीय डॉक्टर होते. प्रमुख डॉ. अटल, उपप्रमुख आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे 27 वर्षांचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानच्या आक्रमणामुळे कोट्यवधी चिनी लोक घरदार सोडून देशोधडीला लागले होते. चिनी सेनापती चू तेह यांच्या विनंतीवरून काँग्रेसने देशभर वर्गणी जमवली. त्यातून रुग्णवाहिका, औषधे आणि हे पथक उभे राहिले.

चुंगकिंगमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. कोटणीस परतले नाहीत. फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे एकेक सहकारी मायदेशी गेला. कोटणीस मात्र उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले.

तेव्हा पेनिसिलिन हाताशी नव्हते. गोळीची जखम काही तासांत उघडून त्यातला मेलेला भाग काढला नाही, तर गँग्रीन होऊन पाय किंवा जीव जाई. म्हणून दवाखानाच जखमींकडे न्यावा लागे. रुग्ण खेड्यांतल्या घराघरांत ठेवलेले असत. शत्रू जवळ आला की सगळा पसारा उचलून दुसऱ्या गावी. जानेवारी 1941 मध्ये कोटणीस बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. अशा रुग्णालयांसाठी सून छिंग-लिंग यांची संस्था हाँगकाँगमधून परदेशी पैसा आणि औषधे गोळा करी. नाकेबंदीमुळे हा ओघ आटत गेला. डिसेंबर 1941 मध्ये हाँगकाँगच पडले. आता उरली ती माणसे. कोटणीस चिनी शिकले होते. त्याच भाषेत ते खेड्यातल्या पोरांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. खरे तर मदतीतला हाच भाग कोणाला अडवता आला नसता.

त्यांना अपस्माराचे झटके येत. अपुरी झोप आणि अतिश्रम यांनी झटके बळावतात, हे त्यांना ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? उपचारासाठी मागे जाण्याचा सल्ला सहकाऱ्यांनी दिला होता. तो त्यांनी मानला नाही; रुग्ण म्हणून पाहिले तर ही चूकच.

9 डिसेंबर 1942 रोजी लागोपाठ आलेल्या झटक्यांत ते गेले. वय 32. पत्नी को छिंग-लान त्याच रुग्णालयाच्या परिचारिका. मुलगा यिन-हुआ, म्हणजे भारत-चीन, जेमतेम साडेतीन महिन्यांचा. शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक लिहायला घेतले होते, ते अर्धेच राहिले.