भूमीच्या उदरांतील जीवसृष्टीचे संशोधक : सर्गेई विनोग्राडस्की

मोहरी आपल्या फोडणींत रोज तडतडते. परंतु तिच्याच कुळांतील कानोला नांवाचें पीक कॅनडाच्या विस्तीर्ण मैदानांत तेलासाठीं पेरलें जातें, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. ह्या पिकाची भूक मोठी. नत्राप्रमाणेंच गंधकही त्यास भरपूर लागतो. पण शेतांत नुसता पिवळा गंधक पसरला तर मुळांस तो घेतां येत नाहीं. मातींतील सूक्ष्मजंतु त्याचें सल्फेट बनवितात, तेव्हांच तो पिकाच्या मुखीं पडतो. गंधक व अमोनिया ह्यांवर उपजीविका करणारे जंतु असतात हें सिद्ध करणाऱ्या पुरुषाचें हें चरित्र आहे.

सर्गेई विनोग्राडस्की ह्यांचा जन्म १८५६ सालीं कीव्ह शहरीं एका धनिक कुटुंबांत झाला. प्रथम कायदा, मग सेंट पीटर्सबर्ग येथें पियानोवादन, आणि शेवटीं सृष्टिविज्ञान, असा त्यांचा विद्याभ्यास भटकत गेला. १८८५ सालीं ते स्ट्रासबर्ग येथें द बारी ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेंत आले. तेथें त्यांनीं गंधकाच्या झऱ्यांतील बेजियाटोआ हा तंतूसारखा जंतु निरखिला. त्याच्या देहांत गंधकाचे कण चमकत. गंधकयुक्त वायु मिळेनासा झाला कीं ते कण नाहींसे होत. आपण अन्न जाळून शक्ति मिळवितों, तशी हा जंतु गंधक जाळून मिळवितो, असें त्यांनीं १८८७ सालीं प्रसिद्ध केलें.

पुढें झुरिच येथें त्यांनीं अमोनियाचें नायट्रेट करणारे जंतु वेगळे काढण्याचें काम हातीं घेतलें. इतर संशोधक मांसरस व जिलेटिन ह्यांचें मिष्टान्न वाढीत, आणि हवे ते जंतु सोडून भलतेच माजत. विनोग्राडस्कींनीं उलट मार्ग धरिला. सेंद्रिय अन्न अजिबात न देतां त्यांनीं केवळ क्षार घातले. १८९० च्या सुमारास जंतु हातीं आले. सूर्यप्रकाशावांचून, अंधाऱ्या मातींत, कर्बवायूपासून स्वतःचा देह घडविणारे हे जीव! मला तरी ह्या शोधापुढें पुढील सारे शोध फिके वाटतात. एक जात अमोनियाचें नायट्राइट करते, दुसरी त्याचें नायट्रेट करते, असें त्यांस दिसलें. दोन्ही कामें एकटाच करणारा जंतु मात्र २०१५ सालापर्यंत कोणास सांपडला नव्हता.

१८९१ सालीं ते स्वदेशीं परतले. हवेंतील नत्र प्राणवायूविना बांधून ठेवणारा जंतु त्यांनीं तेथें शोधून काढिला. नंतर १९०५ च्या सुमारास प्रयोगशाळा सोडून ते आपल्या जमीनदारीवर जाऊन राहिले. कीर्तीच्या शिखरावर असतां पत्करलेलें हें मौन पुष्कळ वर्षें टिकलें. मग राज्यक्रांति झाली, जमीन गेली, देश सुटला. बेलग्रेड येथें त्यांनीं कांहीं काळ अध्यापन केलें. १९२२ सालीं पाश्चर संस्थेच्या रू ह्यांनीं त्यांस फ्रान्समध्यें बोलाविलें, तेव्हां ते सहासष्ट वर्षांचे होते.

पॅरिसजवळील ब्री-कोंत-रोबेर येथें ह्या निर्वासित वृद्धानें पुनः सूक्ष्मदर्शक लाविला, आणि ह्या वेळीं थेट मातीवर. बाटलींत वाढविलेला जंतु व शेतांत नांदणारा जंतु ह्यांचें वर्तन एक नसतें, असा त्यांचा आग्रह होता. ताजा पालापाचोळा पडतांच कांहीं जंतु एकदम फोफावतात व तो संपतांच निपचित पडतात. कांहीं मात्र जुन्या कुजलेल्या द्रव्यावर सावकाश काम करीत राहतात. हा भेद त्यांनींच दाखविला.

नव्वदी ओलांडल्यावर, १९४९ सालीं, त्यांचा मृत्तिकाजंतुशास्त्रावरील फ्रेंच ग्रंथ बाहेर पडला. १९५३ च्या फेब्रुवारींत त्यांचें निधन झालें. त्यांच्या नांवाचा स्तंभ आमच्या विद्यार्थ्यांस सहज करतां येईल: उंच कांचेच्या बरणींत ओढ्याचा चिखल, कागदाचे कपटे व थोडा अंड्याचा बलक घालावा, वर पाणी ओतावें व बरणी झांकून उजेडांत ठेवावी. कांहीं आठवड्यांत काळे, हिरवे व जांभळे थर दिसूं लागतात.