अकरा पौंड दहा शिलिंगांचा हिशेब

गेल्या रविवारी सकाळी आमच्या तळोद्याच्या घरी एक मुलगी आली. हातात प्लास्टिकची फाइल, सोबत वडील. सरदार सरोवराच्या पाण्यात गाव गेल्यावर सातपुड्यातून खाली आलेल्या कुटुंबांपैकी हे एक. आता रोझव्याला राहतात. मुलगी पुण्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढचं शिक्षण तिला इंग्लंडमध्ये घ्यायचं आहे. एका विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्रही आलेलं. मी बँकेत साहेब होतो एवढं तिच्या वडिलांना ठाऊक, म्हणून ती माझ्याकडे आली. मी कादंबऱ्या लिहितो हे त्यांना ठाऊक नसावं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

फाइल व्यवस्थित होती. गुणपत्रकं, जातीचा दाखला, पासपोर्टची झेरॉक्स, सगळं क्रमाने लावलेलं. खर्चाचा कागद मात्र एका ओळीचा. एकूण इतके लाख, बस्स. मी सवयीप्रमाणे पेन काढलं आणि विचारायला सुरुवात केली. फी किती, राहायचं कुठे, खायचं काय, पैसे मध्येच थांबले तर काय? शेवटच्या प्रश्नावर ती गप्प झाली. आणि मला वीस वर्षांपूर्वीची दुसरी एक फाइल आठवली.

तेव्हा मी इथल्याच एका शाखेत होतो. २००४ सालचा उन्हाळा. बाहेर मिरची वाळत घातलेली, आत पंख्याखाली एक पावरा तरुण बसलेला. त्यालाही परदेशात प्रवेश मिळाला होता. खर्च बारा लाख. शैक्षणिक कर्जाची योजना तेव्हा नवी होती. चार लाखांपर्यंत तारण लागत नसे, एवढ्या मोठ्या रकमेला मात्र तारण हवंच. त्याच्या बापाची डोंगरात जमीन होती, दोन पिढ्या कसलेली. पण ती वनखात्याच्या नावावर. सातबारा नाही म्हणजे तारण नाही. वनहक्काचा कायदा यायला अजून दोन वर्षं होती. मी नियमाप्रमाणे शेरा मारला आणि फाइल परत केली. तो उठला, नमस्कार करून गेला. पुढे तो परदेशी गेला नाही एवढं मला माहीत आहे.

त्या शेऱ्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. नियम होता. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि ती गोष्ट मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राने फार उशिरा दाखवली.

बाबासाहेबांचं आयुष्य आपण महाड, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमी अशा टप्प्यांनी वाचतो. परदेशातली वर्षं पदव्यांच्या यादीत उरकली जातात. निवृत्तीनंतर मी ती वर्षं पेन्सिल हातात घेऊन वाचली, कर्जाच्या फाइलसारखी. पैसे कुठून आले, कधी संपले, मुदत काय होती, जामीन कोण राहिलं. तेव्हा लक्षात आलं, की १९१३ ते १९२३ ही दहा वर्षं म्हणजे पुन्हा पुन्हा मोडलेली आणि पुन्हा पुन्हा उभी केलेली एक योजना आहे.

सुरुवात त्याही आधीची. सुभेदार रामजी सकपाळांचा हा मुलगा १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. अस्पृश्य मानलेल्या जातीतला मुलगा मॅट्रिक होणं ही तेव्हा सभा भरवण्याजोगी गोष्ट होती. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. पण गुरुजींनी नंतर केलेलं काम मला जास्त मोलाचं वाटतं. रामजींची पेन्शन कॉलेजच्या खर्चाला पुरेना, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकून त्यांनी मुलाला महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. पुस्तक देणारे पुष्कळ भेटतात. पुढच्या फीची तजवीज कोण करतो, हे बघावं.

बडोदा म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला ते परकं वाटत नाही. नवापूर ओलांडलं की सोनगड. गायकवाडांची पहिली राजधानी तीच. आणि सयाजीराव मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. लिहायला-वाचायला शिकले तेच मुळी दत्तक गेल्यावर. शिक्षणाची किंमत त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती.

१९१२ साली भीमराव बी.ए. झाले आणि १९१३च्या जानेवारीत संस्थानच्या नोकरीत बडोद्याला रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईला परतताना सुरत स्टेशनवर ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. आम्ही तळोद्याची माणसं कापड घ्यायला, दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला उठसूट सुरतेला जातो. त्या स्टेशनवर गेलो की मला हमखास तो तरुण दिसतो, हातात मिठाईचा पुडा घेऊन रिकाम्या रुळांकडे बघणारा. ते दुसऱ्या दिवशी घरी पोचले. २ फेब्रुवारी १९१३ला रामजी गेले.

मागे विधवा सावत्र आई, भाऊ, पत्नी रमाबाई, लहानगा यशवंत. अशा वेळी घरातला मिळवता मुलगा चार पैशांची नोकरी धरतो. पण त्याच सुमारास महाराजांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी करारावर सही केली. तीन वर्षं, महिना अकरा पौंड दहा शिलिंग. ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी. तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे महिना सुमारे १७२ रुपये. मुंबईत ही रक्कम मोठी. न्यूयॉर्कमध्ये तिच्यात राहणं, जेवणं, कपडे, पुस्तकं बसवायची आणि त्यातूनच घरी पाठवायचं. बँकेतला माणूस हे आकडे बघून अर्जदाराला घरी बसायचा सल्ला देईल.

जुलै १९१३मध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र मुख्य, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. मुदत तीनच वर्षांची, म्हणून जेवढं घेता येईल तेवढं घेऊन ठेवायचं असा तो झपाटा होता. १९१५ला एम.ए., १९१६च्या मे महिन्यात जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध, त्याच वर्षी पीएच.डी.चा प्रबंध. पैसे वाचवून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली. इथेच वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी त्यांचा मित्र झाला. या नावाकडे लक्ष असू द्या.

तीन वर्षं संपली तेव्हा भूक संपली नव्हती. ते लंडनला गेले. तिथल्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. वर्षही पुरं झालं नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली, बडोद्याहून बोलावणं आलं.

आता या ठिकाणी त्यांनी जे केलं, त्याबद्दल मला हा सगळा लेख लिहावासा वाटला. अभ्यास अर्धवट टाकून, हताश होऊन ते बोटीत बसले नाहीत. निघण्याआधी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून रीतसर परवानगी मिळवली, की १९१७च्या ऑक्टोबरपासून चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढे चालू करता येईल. खिशात पैसा नाही, पुढे दहा वर्षांच्या चाकरीचा करार, युरोपात महायुद्ध चाललेलं. तरी दार बंद होऊ न देता त्यांनी ते फक्त लोटून ठेवलं.

पुढची हकीकत वाचताना पेन्सिल थांबते. पुस्तकांच्या पेट्या दुसऱ्या बोटीने पाठवल्या होत्या. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. सामानाच्या भरपाईचे जे रुपये मिळाले त्यांतूनच बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला. तिथे कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई लांबून फायली टाकत. प्यायला पाणी मिळेना. राहायला घर मिळेना, म्हणून एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. सामान बाहेर पडलं. एका झाडाखाली बसून ते ढसाढसा रडले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. दहा वर्षांच्या करारातले जेमतेम काही दिवस भरले होते.

त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. जात कळल्यावर गिऱ्हाईकं यायची थांबली. अखेर नोव्हेंबर १९१८मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार साडेचारशे. तिथेही काही सहकाऱ्यांचा त्यांनी प्राध्यापकांच्या माठातलं पाणी पिण्याला आक्षेप होता. ते शिकवत राहिले आणि पैसे साठवत राहिले. मी आकडेमोड केली. सुमारे सोळा महिने नोकरी, म्हणजे हातात आलेला सगळा पगार धरला तरी ७,२०० रुपये. त्यात परळच्या चाळीतलं घर चालायचं. रमाबाईंनी त्या काळात किती मोजून खर्च केला असेल, याची वही कुणी ठेवलेली नाही. ठेवली असती तर मी ती अर्थशास्त्राच्या कुठल्याही प्रबंधाशेजारी मांडली असती.

एवढ्याने लंडन भागणार नव्हतं. उरलेल्यातलं काही कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलं आणि पाच हजार रुपये नवल भथेनाने कर्जाऊ दिले. तारण काय? काही नाही. ज्या समाजातल्या माणसांनी बडोद्याला काठ्या उगारल्या, त्याच समाजातल्या एका मित्राने इथे हात पुढे केला. माणसांची बेरीज जातीच्या रकान्यात करू नये हे खरं, पण कर्जाच्या अर्जात तो रकाना दिसला की डोळा तिकडे जातोच. माझाही जाई.

१९२०च्या जुलैमध्ये ते पुन्हा निघाले. चार वर्षांची मुदत संपायला वर्षाहून अधिक अवकाश होता. लंडनमध्ये सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी, कपभर बोव्हरिल. मग संग्रहालयाच्या वाचनालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत. दुपारचं जेवण बहुतेक नाहीच. रात्री भूक लागली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड भाजून खायचे. प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरचं, ते राहत होते ते घर २०१५मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतलं. तिथे आता स्मारक आहे.

त्याच काळात रुपयाने मोठी उडी मारली होती. १९२०च्या सुरुवातीला रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत. वर्षभरात तो भाव गडगडून पुन्हा सव्वा-दीड शिलिंगाच्या आसपास आला. म्हणजे मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांचे लंडनमध्ये दिवसेंदिवस कमी पौंड होत होते. आणि हा विद्यार्थी प्रबंध कशावर लिहीत होता? रुपयाच्या प्रश्नावर. विनिमयाचा दर हा विषय त्यांना पोटातूनही कळत असणार, असं मला कादंबरीकार म्हणून वाटतं. बँकर म्हणून मी एवढंच म्हणेन, की त्या पुस्तकातली मांडणी आजही पक्की आहे.

१९२१ला एम.एस्सी., पुढच्या वर्षी बॅरिस्टर. ऑक्टोबर १९२२मध्ये डी.एस्सी.चा प्रबंध दिला, तर परीक्षकांना त्यातली ब्रिटिश धोरणावरची टीका झोंबली. पुन्हा लिहून आणायला सांगितलं. पैसे संपले होते. एप्रिल १९२३मध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध नव्याने लिहिला, निष्कर्ष बदलले नाहीत, आणि ऑगस्टमध्ये टपालाने लंडनला धाडला. त्या वर्षाअखेर पदवी मिळाली आणि पुस्तकही निघालं. ते त्यांनी आईवडिलांना अर्पण केलं. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून दिल्यावर १९२७मध्ये हातात पडली, म्हणजे लिहिल्यानंतर अकरा वर्षांनी. तो ग्रंथ सयाजीरावांना अर्पण केलेला आहे.

नंतरचं आपल्याला माहीत आहे. त्यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, म्हणून सांगतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला पाठवण्यासाठी सरकारी पैसा मंजूर करून घेतला. केळुसकर गुरुजींनी आपल्यासाठी जे केलं, ते त्यांनी कायमच्या तरतुदीत बसवायला बघितलं.

त्या पावरा मुलाला मी तारण नाही म्हणून परत पाठवलं. पण प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलून मागता येतो, विद्यापीठाला तसं एक पत्र लिही, तोवर शिष्यवृत्तीसाठी खटपट करू, एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. मला ते सुचलं नाही. त्याच्याही मनात आलं नसणार. दार लोटून ठेवता येतं, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिला घाई होती, वडिलांना बाजार करायचा होता. खर्चाचे आठ रकाने आखून दिले. परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात कुठली कागदपत्रं लागतील, ती आधी विचारून यायला सांगितलं. जागा मोजक्या असतात. मग चहा येईपर्यंत आम्ही विद्यापीठाला लिहायच्या पत्राचा मसुदा केला. यंदा पैशांची सोय न झाल्यास प्रवेश एक वर्ष राखून ठेवावा, अशी विनंती. इंग्रजी तिचं माझ्याहून चांगलं आहे. माझी दोन वाक्यं तिने खोडली, आणि संध्याकाळी फोनवरून पाठवते म्हणाली.