खरा संन्यास, खरे पुनरागमन

अकलूज : ‘राजकीय संन्यास’ हा शब्द येथील कट्ट्यांवर निवडणुकीगणिक ऐकू येतो. धर्मानंद कोसंबी यांचा संन्यास मात्र खरा होता, परतणेही. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या कोसंबींनी १८९९ मध्ये बुद्धधर्माच्या ओढीने घर सोडले. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्यांनी काय सोसले, हे चरित्रकार क्वचितच विचारतात.

पुणे, काशी, नेपाळ असे फिरत ते सिलोनला पोहोचले. १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विहारात त्यांनी चीवर धारण केले. १९०६ मध्ये कोलकात्यात पाली शिकविण्यासाठी ते उतरविले आणि संसारही पुन्हा मांडला. पुढच्याच वर्षी पुत्र दामोदर, भावी इतिहासकार, यांचा जन्म झाला. सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहण्याच्या अटीवर दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा अधिक वेतनाची नोकरी त्यांनी सोडली. पुढे हार्वर्ड, फर्ग्युसन, लेनिनग्राड.

रशियाहून परतताच, १९३० मध्ये, चौपन्नाव्या वर्षी ते शिरोड्याच्या मीठ सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगातही गेले. १९३७ मध्ये परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे, अन्नत्यागानंतर, त्यांनी देह ठेवला.