वांग्यावरच्या २८ ठिपक्यांना नाव देणारा फॅब्रिशियस

अहिल्यानगर जिल्ह्यात वांग्याचे पीक उभे असले, की पानांवर दोन तऱ्हेचे ठिपकेदार भुंगेरे दिसतात. दोन्ही अर्ध्या वाटाण्यासारखे फुगीर, दोन्ही पिवळसर-तांबूस, दोघांच्या पाठीवर काळी नक्षी. आपल्याकडे त्यांना ढालकिडे किंवा सरळ ‘लेडी बर्ड बीटल’ म्हणतात. त्यातला एक मावा खाऊन पीक राखतो, तर दुसरा पीकच खातो. या दुसऱ्याला एपिलॅक्ना किंवा हड्डा भुंगेरा म्हणतात. ओळखण्यात गफलत झाली तर मित्रावर फवारा पडतो आणि शत्रू मोकळा राहतो. त्या औषधाचा अंश शेवटी वांग्यासोबत आपल्याच ताटात येतो.

गंमत अशी, की या दोन्ही किड्यांना पहिले शास्त्रीय नाव एकाच माणसाने दिले. पीक खाणाऱ्याला १७७५ मध्ये आणि मावा खाणाऱ्या सहा ठिपक्यांच्या ढालकिड्याला १७८१ मध्ये. त्याचे नाव योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस.

फॅब्रिशियसचा जन्म ७ जानेवारी १७४५ रोजी टोंडर या गावी झाला. हे गाव आज डेन्मार्कमध्ये आहे. वडील डॉक्टर होते. १७६२ मध्ये तो स्वीडनमधील उप्साला येथे कार्ल लिनियसकडे शिकायला गेला. प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचे लॅटिन नाव देण्याची पद्धत रुजवणारा हाच तो लिनियस. फॅब्रिशियस त्याच्याजवळ दोन वर्षे राहिला. गुरूचा ओढा मुख्यतः वनस्पतींकडे होता. शिष्याने ठरवले, की आपण कीटकांचा पसारा लावायचा.

पण कीटकांची वर्गवारी कशाच्या आधाराने करायची? लिनियसने पंख पाहिले होते. पंख किती, कसे, त्यांवर कवच आहे की खवले, यावरून त्याने गट पाडले. फॅब्रिशियसने तोंड पाहायचे ठरवले. कीटक चावतो, चाटतो, टोचतो की शोषतो, हे त्याच्या मुखावयवांत लिहिलेले असते. जो जसा खातो तसे त्याचे तोंड, आणि जसे तोंड तसा त्याचा स्वभाव, असा त्यामागचा विचार होता. हे काम सोपे नव्हते. पाच-सहा मिलिमीटरच्या किड्याचा जबडा भिंगाखाली पाहायचा, तोही दुसऱ्याच्या संग्रहातला नमुना न मोडता. म्हणून अनेकांना ही पद्धत किचकट वाटली. तरीही पुढच्या काळात कीटकशास्त्राने मुखावयवांना महत्त्वाची जागा दिली, ती कायमची.

१७७५ मध्ये त्याचा ‘सिस्टेमा एन्टोमोलॉजिए’ हा मोठा ग्रंथ आला. त्याच वर्षी तो कील येथील विद्यापीठात प्राध्यापक झाला. तेथे त्याला निसर्गविज्ञानाबरोबर अर्थशास्त्रही शिकवावे लागे. वस्तुसंग्रहालय आणि वनस्पती उद्यान उभारून देण्याचे आश्वासन मिळाले होते, ते कधीच पुरे झाले नाही. त्याने अनेकदा राजीनामा देण्याचा प्रयत्न केला. विद्यार्थ्यांनी थेट युवराजाकडे गाऱ्हाणे नेऊन त्याला थांबवले. हाताशी संग्रह नाही, म्हणून तो इतरांचे संग्रह पाहायला वरचेवर लंडनला जाई. तेथे जोसेफ बँक्स, ड्रू ड्रुरी, विल्यम हंटर यांनी जगभरातून जमवलेले कीटक होते. तो पाही, वर्णन लिही आणि परत येऊन शिकवायला लागे.

भारतात तो कधीच आला नाही, पण भारतातले कीटक त्याच्यापर्यंत पोहोचत होते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी त्या वेळी डॅनिश वसाहत होती. तेथे १७६८ पासून योहान गेरहार्ड कोनिग हा डॉक्टर राहत होता. तोही लिनियसचाच शिष्य. रुग्णसेवेसोबत तो झाडे आणि किडे गोळा करून युरोपात पाठवी. आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाच्या कितीतरी कीटकांच्या नावापुढे म्हणूनच फॅब्रिशियस दिसतो: पाने खाणारी लष्करी अळी, भेंडी व कपाशीवरची ठिपक्यांची बोंडअळी, साठवलेल्या धान्यातला छोटा सोंडविरहित भुंगेरा, शिवाय आपली सातेरी मधमाशी आणि आग्या मोहोळाची माशी. आयुष्यभरात त्याने सुमारे १० हजार कीटक जातींना नावे दिली. लिनियसने वर्णन केलेल्या कीटकांच्या तिपटीहून हा आकडा मोठा आहे.

आता पुन्हा वांग्याकडे येऊ. १७७५ च्या ग्रंथात फॅब्रिशियसने या भुंगेऱ्याचे नाव ‘कॉक्सिनेल्ला २८-पंक्टाटा’ असे ठेवले, म्हणजे २८ ठिपक्यांचा ढालकिडा. प्रत्येक पंखकवचावर १४, असे मिळून २८. नावात चक्क आकडा होता. पुढे नियमानुसार तो अक्षरांत लिहिला जाऊ लागला आणि ‘व्हिजिंटिऑक्टोपंक्टाटा’ हे लांबलचक नाव तयार झाले. वर्णन त्या काळच्या रीतीप्रमाणे लॅटिनमधील थोडक्या शब्दांचे.

येथेच एक मोठी मेख आहे. तोंड पाहून वर्गवारी करणाऱ्या या शास्त्रज्ञाने पाने खाणारा आणि मावा खाणारा असे दोन्ही ढालकिडे एकाच प्रजातीत ठेवले. पुढे दोघांचे जबडे बारकाईने पाहिले गेले, तेव्हा फरक कळला. मावा खाणाऱ्याच्या जबड्याचे टोक भक्ष्य पकडण्याजोगे अणकुचीदार असते आणि बुडाशी एक दात असतो. पाने खाणाऱ्याच्या जबड्याला खरवडण्यासाठी अनेक दात असतात आणि बुडाचा दात नसतो. एकोणिसाव्या शतकात पाने खाणाऱ्यांसाठी ‘एपिलॅक्ना’ ही वेगळी प्रजाती झाली. १९६१ मध्ये त्यातून ‘हेनोसेपिलॅक्ना’ वेगळी निघाली आणि आपला भुंगेरा तिच्यात गेला. कृषी विषयाच्या पुस्तकांत त्याच्या नावापुढे फॅब्रिशियस आणि १७७५ हे कंसात छापलेले असते. जाती त्याने सांगितली, पण प्रजाती नंतर बदलली, असा त्या कंसाचा अर्थ. म्हणजे गुरुजींची चूक सुधारली ती गुरुजींच्याच पद्धतीने.

जगात ढालकिड्यांच्या सहा हजारांच्या आसपास जाती माहीत आहेत. पाने खाणाऱ्यांत एकमेकांशी हुबेहूब दिसणाऱ्या अनेक आहेत, आणि एकाच जातीत ठिपके कमी-जास्त होतात किंवा एकमेकांत मिसळतात. त्यामुळे आज नवी जाती जाहीर करताना ठिपके मोजून भागत नाही. मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. मोजमापे, छायाचित्रे, नराच्या जननेंद्रियांची रचना, सापडल्याचे ठिकाण आणि तो कोणत्या झाडावर जगतो, हे सारे द्यावे लागते.

शेतात मात्र भिंगाशिवायही बरेच कळते. पीक खाणाऱ्याच्या पाठीवर बारीक लव असते, म्हणून तो मंद, धुरकट दिसतो. मित्र ढालकिडा गुळगुळीत आणि चमकदार असतो. शत्रूची अळी पिवळी, अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांची आणि सुस्त असते. मित्राची अळी सडपातळ, करडी-काळी, माव्यात चपळ फिरणारी. शत्रूची पिवळी अंडी पानाखाली उभी, पुंजक्याने असतात. प्रौढ आणि अळी दोघेही पानाचा हिरवा गर खरवडतात आणि पान जाळीसारखे होते. वांग्याबरोबर बटाटा, टोमॅटो आणि अश्वगंधाही त्यांना चालते. बांधावरच्या कामोणीसारख्या तणांवरही ते टिकून राहतात. प्रादुर्भाव थोडा असताना अंडीपुंज आणि अळ्यांची पाने हाताने वेचून नष्ट केली, बांध स्वच्छ ठेवला, तर अनेकदा फवारणीची वेळ येत नाही. शंका असेल तर किडा डबीत घालून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांना दाखवावा.

फॅब्रिशियसचे शेवटचे दिवस सुखाचे नव्हते. त्याची मुलगी पॅरिसमध्ये अपघातात गेली. १८०७ मध्ये इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या, तेव्हा तो पॅरिसमध्ये होता. बातमी कळताच तो परत निघाला, पण प्रकृती सावरली नाही. ३ मार्च १८०८ रोजी कील येथे त्याचे निधन झाले. ज्याला स्वतःचे संग्रहालय कधी मिळाले नाही, त्याचा कील येथील संग्रह आज कोपनहेगनच्या संग्रहालयात जपलेला आहे. वांग्याच्या शेतात फवारणीचा पंप उचलण्याआधी पान उलटून पाहावे आणि किडा काय खातो आहे ते तपासावे. अडीचशे वर्षांपूर्वी त्याने कीटकांना विचारलेला प्रश्नही हाच होता.