वसईचे संत गोन्सालो गार्सिया

एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी आणि मुखाशीं पडका किल्ला. ह्या आपल्या वसईंत १५५७ च्या सुमारास संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, माता ह्याच किनाऱ्याची. येथील जेझुइट पाद्र्यांनीं त्यांना शिकविलें, आणि त्यांच्यासवें ते कोवळ्या वयांतच जपानला गेले. तेथील भाषा त्यांना उत्तम अवगत झाली. त्या संघांत प्रवेश मिळावा ही आस मात्र फळास आली नाहीं. मग ते व्यापारांत पडले. पैसा मिळाला, पण मन रमेना. अखेर मनिला येथें त्यांनीं फ्रान्सिस्कन बंधूंचा झगा पत्करिला. याजकपद त्यांना कधींच मिळालें नाहीं, हें आम्ही मुद्दाम नमूद करितों.

१५९३ सालीं दुभाषी म्हणून ते जपानला परतले व सत्ताधीश हिदेयोशी ह्याच्यापुढें आपल्या बंधूंची बाजू त्यांनींच मांडिली. १५९६ सालीं एक स्पॅनिश गलबत तेथील किनाऱ्यास लागून फुटलें आणि राजरोष भडकला. क्योतोंत त्यांच्या व सोबत्यांच्या डाव्या कानाचा भाग छाटून सर्वांना ऐन हिंवाळ्यांत नागासाकीस नेलें. तेथें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं २६ जणांस क्रुसावर भाल्यांनीं भोसकलें.

८ जून १८६२ रोजीं रोम येथें त्यांना संतपद मिळालें. १७३९ च्या लढाईनंतर त्यांच्या वसईच्या किल्ल्यांतील देवळें तोंवर ओस पडलीं होतीं.